पोरीचं नाव कुठल्या शाळेत घालू?

दोस्तांनो, पोरगी सहा वर्षांची झाली आणि घरात भांडण लागलं.

पैशावरनं भांडण नाही. पैसा नाही हे आम्हा दोघांना ठाऊक आहे, त्यावर भांडून काय मिळणार? भांडण शाळेवरनं. पोरीचं नाव मिशनच्या इंग्लिश शाळेत घालायचं, संस्थेच्या 'संस्कार' देणाऱ्या शाळेत घालायचं, की घराजवळच्या सरकारी मराठी शाळेत? बायको म्हणते मिशन. बाप म्हणतो सरकारी. चळवळीतला एक दोस्त म्हणतो, आपलीच बौद्ध शाळा काढू. मी तळेगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर राबून रात्री लोणावळा लोकलनं घरी येतो तेव्हा तिघांची तीन मतं पंख्याखाली गरगरत असतात.

हे माझ्या एकट्याच्या घरचं रडगाणं नाही. असंच भांडण तुमच्याही घरात झालंय, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ते गुपचूप मिटवलंय. सभेत एक बोललोय, फॉर्मवर दुसरं लिहिलंय. म्हणून हा विषय चव्हाट्यावर मांडतोय.

आधी आमच्या गावाचं सांगतो. लोणावळा म्हटलं की तुम्हा मुंबई-पुण्याच्या लोकांना चिक्की, धबधबा आणि धुकं आठवतं. आम्हाला रेल्वे आठवते. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटाची लाईन खोदली गेली. त्यात हजारो मजूर कॉलऱ्यानं, सुरुंगानं, दरड कोसळून मेले. त्यांची नावं कुठं कोरलेली नाहीत. लाईन झाल्यावर इंजिनांचा कारखाना आला, कारखान्याबरोबर गोरा साहेब आला, साहेबाच्या पोरांसाठी शाळा आली. जुन्या गॅझेटियरात लोणावळ्याच्या नोंदीत इंजिनांचा कारखाना, रेल्वेची शाळा, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक प्रार्थनामंदिरं अशी यादी सापडते. म्हणजे या गावात चर्च आणि शाळा रेल्वेच्या रुळावरनं आल्या. रूळ टाकणाऱ्यांची पोरं त्या शाळेत नव्हती, हे सांगायला गॅझेटियर लागत नाही.

माझा आजा रेल्वेत गँगमन. बाप खलाशी. आजी बंगल्यांवर धुणंभांडी करायची. १९५६ नंतर आजानं घरातले देव काढले, पाण्यात सोडले आणि भिंतीवर दोन फोटो लावले. मावळात बाबासाहेबांचं वावरणं आमच्या म्हाताऱ्यांनी बघितलंय. तळेगाव दाभाड्याला त्यांचा बंगला होता. मावळच्या वेशीवर देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी स्वतः बुद्धमूर्ती बसवली. आजा ती तारीख स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा जास्त वेळा सांगायचा.

आता तीन शाळांची गोष्ट.

पहिली मिशनची. बायकोनं धुतलेली साडी नेसली, मी इस्त्रीचा शर्ट घातला, पोरीला दोन वेण्या घातल्या. गेटवर वॉचमननं आधी मला विचारलं, कुठल्या कामावर आलात? ॲडमिशनला आलोय म्हटल्यावर त्यानं बाजूचं छोटं दार उघडलं. आत सिस्टर चांगलं बोलल्या, खोटं कशाला सांगू. फॉर्मवर धर्माचा रकाना होता. मी लिहिलं, बौद्ध. त्यांनी समजावलं: पहिल्यांदा कॅथलिक मुलं, मग आधीच शिकणाऱ्यांची भावंडं, मग उरलेल्या जागा. उरलेल्यांत आमचा नंबर. मग आई-बापाशी 'गप्पा'. गप्पा इंग्रजीत. माझी बायको, जी चिक्कीच्या कारखान्यात आठ तास उभ्यानं पॅकिंग करून तिथल्या मुकादमाला सरळ करते, ती बाई त्या खुर्चीवर गप्प बसली. मान खाली. पोरगी आईच्या तोंडाकडं बघत होती. ते मी विसरणार नाही.

बाहेर आल्यावर मला वाटलं, झालं, आता हिचं मिशनचं भूत उतरलं. उलटंच झालं. ती म्हणाली, "बघितलंत ना? माझ्यासारखं गप्प बसायची पाळी पोरीवर यायला नको. म्हणून इथंच घालायचं."

याला उत्तर द्या, दोस्तांनो. मार्क्स-फुले-आंबेडकर सगळे घेऊन बसा आणि द्या.

दुसरी शाळा संस्थेची. रंगवलेली भिंत, दारात रांगोळी, ऑफिसात हार घातलेली सरस्वती. मुख्याध्यापकांनी चहा पाजला. "आमच्याकडे जातपात अजिबात बघत नाही," असं तीनदा सांगितलं. चौथ्या वाक्याला विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. "मूळचे कुठले?" मी सांगितलं. "अच्छा अच्छा," म्हणाले आणि मग आमच्या 'समाजातली' काही हुशार मुलं त्यांच्याकडं कशी शिकून गेली ते सांगितलं. सकाळी प्रार्थना, शनिवारी मारुतीस्तोत्र, गणपतीत अथर्वशीर्ष. "धर्म नाही हो, संस्कार. उच्चार शुद्ध होतात," म्हणाले.

आमचे उच्चार दोन हजार वर्षं अशुद्ध आहेत. ते शुद्ध करायला जो तो टपलेला!

तिसरी शाळा घराजवळची, सरकारी. भिंतीवर सुविचार, सुविचाराचा रंग उडालेला. दोन वर्गांना एक बाई. त्या दिवशी बाई कसलीतरी ऑनलाईन माहिती भरत होत्या आणि पोरं आपापली बसली होती. पोरं कोण? आपली. कातकरी वस्तीवरची. लातूर-नांदेडहून बांधकामावर आलेल्यांची. बंगल्यांवर वॉचमनकी करणाऱ्या नेपाळ्यांची. उत्तर प्रदेशच्या सुताराची, गावातल्या रिक्षावाल्या मुसलमानाची. हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिश्चन, आणि ज्यांना धर्माचा रकाना म्हणजे काय हेच ठाऊक नाही असे सगळे एका सतरंजीवर. सर्वधर्मसमभावाची भाषणं ठोकणाऱ्यांनी हिंदुस्थानात कुठं सर्वधर्मी शाळा असेल तर ती इथं येऊन बघावी. पण या सतरंजीवर बामण नाही, मारवाडी नाही, गावचा पाटील नाही. आणि दोस्तांनो, आपला साहेब झालेला माणूसही नाही. त्याची पोरं मिशनमध्ये.

आता विचार करू.

मिशनला शिव्या देणं सोपं आहे, ते काम करणारे दुसरे आहेत. आपण कृतघ्न होऊ नये. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला अमेरिकन मिशनच्या शाळा बघून आले. १८४८ ला भिडेवाड्यात मुलींची शाळा आणि पुढं १८५२ मध्ये महार-मांगांसाठी शाळा, यामागं ते बघणंही होतं. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग पोरीनं चौदाव्या वर्षी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये कोणी छापला? मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय'नं. त्याच काळात सरकारी शाळा काय करत होती? १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलानं सरकारी शाळेत घ्या म्हणून अर्ज केला, तर मुंबई सरकारनं दार लावलं. एका महारासाठी बाकीचे शाळा सोडून जातील, ही भीती. म्हणजे ज्यांना आपण आज धार्मिक शाळा म्हणतो त्यांचं दार उघडं होतं, आणि जी सर्वांची म्हणवत होती ती बंद होती. हे विसरलो तर आपला इतिहास अर्धा राहील.

आमच्याच घरात बघा. आजीची धाकटी बहीण मिशनमध्ये शिकली, मिशनच्या दवाखान्यात नर्स झाली. आमच्या खानदानातली पहिली पगार घेणारी बाई. तिनं धर्म घेतला. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिश्चन झालेल्या दलिताला अनुसूचित जातीत जागा ठेवली नाही. बौद्धांनाही नव्हती, आपल्याला १९९० मध्ये मिळाली. त्यांना अजून नाही. तिच्या पोरांना ना सवलत, ना वरच्या जातीच्या ख्रिश्चनांत सोयरीक. मिशननं तिला वर उचललं हे खरं. आणि उचलताना हातात एक अट ठेवली, हेही खरं.

आजची मिशनची शाळा ती नाही. कायदा बघा. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खाजगी विनाअनुदानित शाळेनं प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बलांच्या पोरांना द्यायच्या. ६ मे २०१४ रोजी सुप्रीम कोर्टानं प्रमती खटल्यात निकाल दिला की अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदाच लागू नाही. म्हणजे चिठ्ठी टाकून मिशनच्या शाळेत शिरायचं दार आपल्याला बंद. २०२१ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं अहवाल काढला. ख्रिश्चन अल्पसंख्याक शाळांत शिकणाऱ्यांपैकी सुमारे ७४ टक्के पोरं ख्रिश्चन नाहीतच. आणि सगळ्या अल्पसंख्याक शाळा धरल्या तर वंचित घटकातली पोरं ९ टक्केसुद्धा नाहीत. मग जागा कोणाला? ज्याच्या खिशात फी आहे आणि तोंडात इंग्रजी आहे त्याला. अल्पसंख्याकाचा हक्क गरीब ख्रिश्चनासाठी लिहिला होता. त्याच्या सावलीत बसलाय बंगलेवाला. १ सप्टेंबर २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायाधीशांनी प्रमतीच्या निकालावर शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडं पाठवावा म्हटलं. दार किलकिलं झालं तर बघू.

पण सांभाळून. हेच आकडे हातात घेऊन काही लोक चर्चवर दगड मारायला निघतात. त्यांना दलिताच्या पोराची काळजी नाही, त्यांना ख्रिश्चनाचा काटा काढायचाय. आपण त्यांच्या पालखीचे भोई व्हायचं नाही. आपली मागणी एवढीच: हक्क तुमचा ठेवा, पण ज्या शाळेत ७४ टक्के बाहेरचे चालतात तिथं माझी पोरगी का चालत नाही?

आणि संस्थांच्या शाळा? त्यांना तर २५ टक्के लागू आहेत. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम फिरवला. १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट! शहरात कुठली शाळा १ किलोमीटरच्या बाहेर राहणार? लोक कोर्टात गेले, म्हणून जुलै २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टानं तो नियम रद्द केला. नाहीतर तेही दार गेलं होतं. आणि हे दार उघडं असलं तरी आत शिरलेलं पोर 'आरटीईवालं' म्हणून ओळखलं जातं. वर्गात 'आरटीईवालं' म्हणजे काय, ते 'हरिजन' या शब्दाचा अर्थ ज्यांना कळतो त्यांना सांगायला नको.

आता धर्माचं. घटनेचं २८ वं कलम वाचा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणालाही धर्मशिक्षणाला किंवा पूजेला बसवता येत नाही, पोर लहान असेल तर पालकाची परवानगी लागते. कागदावर झकास. पण सहा वर्षांची पोर, सगळा वर्ग हात जोडून उभा आहे, आणि ही एकटी हात खाली सोडून उभी आहे, हे चित्र डोळ्यांपुढं आणा. कलम बापाच्या खिशात असतं. वर्गात पोर एकटी असते.

आणि सरकारी शाळेत तरी देव नाही का? आहे की! मी मराठी शाळेत चौथीला होतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन. सगळ्यांनी पाटीवर सरस्वती काढायची. बापानं घरी सांगितलं होतं, आपण काढायची नाही. मी पाटी कोरी ठेवली. गुरुजींनी ती वर्गाला दाखवली आणि म्हणाले, "रिकामी पाटी, रिकामं डोकं." वर्ग हसला. घरी येऊन मी रडलो. दुसऱ्या दिवशी बाप ड्यूटीवरनं उतरला, तेलकट कपड्यांत तसाच शाळेत आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "गुरुजी, ही सरकारी शाळा हाय. माझ्या पोराची पाटी कोरी ऱ्हाईल. तिच्यावर तुमी बाराखडी काढा." गुरुजींकडं उत्तर नव्हतं. चौथी पास होईतोवर माझ्या पाटीला कोणी हात लावला नाही.

माझ्या सगळ्या म्हणण्याचा खिळा इथं आहे. रेल्वेचा खलाशी, सातवी नापास, तेलकट कपड्यांत शाळेत जाऊन मास्तरला असं बोलू शकला, कारण ती शाळा कोणा फादरची नव्हती, कोणा शेटजी-भटजींच्या ट्रस्टची नव्हती. मिशनमध्ये आपण पाहुणे. पाहुण्यानं ताटात वाढलेलं खावं. संस्थेत आपण गिऱ्हाईक, आणि तेही उधारीवरचं. सरकारी शाळेत आपण मालक. मोडकी का असेना, शाळा आपली. मालकाला बोलता येतं.

आता कोणी म्हणेल, मालक असून त्याच शाळेनं तुझ्या दाखल्यावर काय लिहिलं ते सांग. सांगतो. 'हिंदू महार' लिहिलं. आजानं १९५६ मध्ये टाकून दिलेलं, कारकुनानं नातवाच्या दाखल्यावर परत चिकटवलं. ते दुरुस्त करायला बापाला कितीतरी चकरा माराव्या लागल्या. म्हणजे मालकी कोणी आयती देत नाही. बाबासाहेबांनाही दिली नव्हती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचं नाव दाखल झालं. आता सरकार तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून साजरा करतं. त्या शाळेत त्यांना घरनं आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, पाण्याला हात लावायची बंदी होती. म्हणजे सरकारी शाळाही जातीचीच होती. पण तिच्यावर हक्क सांगता येत होता. म्हणूनच पुढचे लढे झाले.

हे लढे अजून संपले नाहीत. मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा निघाला. त्यात मनुस्मृतीतला श्लोक! वर गीतेचा अध्याय आणि मनाचे श्लोक पाठ करून घ्यायची सूचना. जो ग्रंथ बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळला, त्याचा तुकडा आपल्याच पोरांच्या शाळेच्या कागदावर. आपली पोरं सगळी मिशनमध्ये गेली, तर या कागदावर बोट ठेवायला सरकारी शाळेत उरणार कोण? कातकऱ्याचा बाप? त्याला आपण एकट्याला सोडून आलेलो असणार.

आता दोस्ताच्या बौद्ध शाळेचं. म्हणतो, विहारात वर्ग भरवू, त्रिसरण-पंचशील शिकवू, आपले मास्तर, आपली पोरं. ऐकायला गोड वाटतं. संध्याकाळी विहारात अभ्यासिका चालवा, वाचनालय चालवा, मी शिकवायला येतो. पण दिवसाची शाळा? मित्रा, महारांसाठी वेगळी शाळा ही आयडिया तुझी नाही. ती जुनी आहे, तिला आपण एकदा गाडलीय. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करायचा हुकूम काढला, सगळ्यांची पोरं एका शाळेत. ज्या भिंती त्यांनी पाडल्या त्या आपण हौसेनं परत बांधायच्या, फक्त निळा रंग देऊन? बाबासाहेबांनी १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. 'पीपल्स' म्हणजे लोकांची. मुंबईला सिद्धार्थ आणि औरंगाबादला मिलिंद, नावं आपली दिली, पण दार सगळ्यांना उघडं ठेवलं. हा फरक समजून घे.

कार्ल्याची लेणी आमच्यापासून चार मैलांवर. रविवारी पोरीला घेऊन गेलो होतो. एकवीरेच्या गर्दीतनं वाट काढत चैत्यात गेलो. खांबांवर, भिंतींवर दान देणाऱ्यांची नावं कोरलीत. व्यापारी आहेत, धेनुकाकटचे यवन आहेत, एका सुताराचंही नाव आहे. सुतार, यवन, व्यापारी एका भिंतीवर. दोन हजार वर्षांपूर्वी मावळात जमलं होतं ते. पोरीनं विचारलं, "पप्पा, हे काय लिहिलंय?" मला ब्राह्मी येत नाही. तिला यावी. पण त्याआधी तिला मराठी आणि इंग्रजी तर वाचता यायला हवं, हे मला तिथंच उन्हात उभ्यानं कळलं.

ही कटकट फक्त आपल्याकडं नाही. आयर्लंडमध्ये बहुतेक प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या हातात आहेत. पैसा सरकारचा, कारभार चर्चचा. जागा कमी पडल्या की बाप्तिस्मा झालेल्या पोराला आधी घ्यायचे. त्यामुळं श्रद्धा नसलेले आई-बापही शाळेसाठी पोराच्या डोक्यावर पाणी ओतून घ्यायचे. काही पालकांनी १९७८ मध्ये डब्लिनजवळ डॉकीला सगळ्या धर्मांच्या पोरांची एकत्र शाळा सुरू केली, तिची चळवळ झाली. २०१८ च्या कायद्यानं सरकारी पैशावरच्या कॅथलिक शाळांना प्रवेशासाठी धर्म बघायला बंदी केली. यातनं मी एक घेतलं: तिथले पालक एकेकटे दार ठोठावत बसले नाहीत. एकत्र आले आणि शाळाच बदलली.

आपल्याला तर नवीन शाळा काढायचीही गरज नाही. शाळा उभी आहे. कायद्यानं तिला शाळा व्यवस्थापन समिती दिलीय. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात, वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. किती शाळांत ही समिती खरी आहे? रजिस्टरवर सह्या असतात, बैठक झालेली नसते. ज्यांना मोर्चाची परवानगी काढता येते, पोलीस स्टेशनात वाद घालता येतो, त्या आपल्या पोरांनी ही समिती ताब्यात का घेऊ नये? मराठी शाळेतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. बाईंना तो शिकवायला वेळ का नाही, हे विचारायला समिती लागते. बाईंना निवडणूक, जनगणना, ऑनलाईनच्या कामातनं सोडवायलाही समितीच लागते. भांडण बाईंशी नाही, बाईंच्या बाजूनं आहे.

आणि घाई करा. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं पत्रक काढलं. आमच्या पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचंच उदाहरण पुढं केलं. अंदर मावळात, नाणे मावळात, पवन मावळात डोंगरावरच्या वाडीत दहा-बारा पोरांच्या शाळा आहेत. पावसाळ्यात ओढा भरला की सहा वर्षांचं कातकऱ्याचं पोर समूह शाळेत जाणार कसं? आपण एकेक पोरगं काढून नेतो, पट कमी होतो, सरकार म्हणतं पट नाही. कुलूप सरकार लावतं खरं, पण किल्ली आपण देतो.

हे सगळं मी बायकोला सांगितलं. तिनं पोळ्या लाटता लाटता ऐकलं. ती अंदर मावळातली. दोन मास्तरांच्या चार वर्गांच्या शाळेत शिकलेली. म्हणाली, "अहो, तुमच्या भाषणात मी दहा वर्षं काढलीत. ज्या शाळेला तुम्ही आपली म्हणताय त्या शाळेनं मला काय दिलं? बँकेत स्लिप भरायला मला दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागतं. चळवळ तुमची, आणि तिचा हप्ता माझ्या पोरीनं का भरायचा?"

मी गप्प बसलो. तिचं खोटं नव्हतं. तत्त्व बापाचं असतं आणि किंमत पोरीला पडते, हे आपल्या चळवळीत कितीदा झालंय. म्हाताऱ्या बापानं तोंड उघडलं. "सूनबाई," म्हणाला, "तुझं बराबर हाय. शाळा वाईट हाय. पन तिथं जाऊन भांडता येतं. त्या दुसरीकडं तू खुर्चीत बसून रडली, आन भांडली नाहीस."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तिनं अट घातली. एक वर्ष. समितीत मी नाही, ती बसणार. चिक्कीच्या कारखान्यातल्या आणखी चार बायकांना घेऊन बसणार. वर्षाच्या शेवटाला पोरगी मराठीचं पुस्तक घडाघडा वाचायला लागली नाही आणि इंग्रजी अक्षरं जुळवायला लागली नाही, तर पुढच्या जूनला ती कर्ज काढून मिशनचं दार ठोठावणार, आणि मी एक शब्द बोलायचा नाही.

मी कबूल केलं. सोमवारी नाव घातलं. धर्माच्या रकान्यात कारकून काय लिहितो ते बघत ती टेबलापाशी उभी राहिली. 'बौद्ध' लिहून होईपर्यंत हलली नाही.

आता वर्ष माझ्या मानगुटीवर आहे. वर्गात शिक्षक कमी आहे, नळाला पाणी नाही, समितीची पहिली खरी बैठक पुढच्या शनिवारी आहे. हरलो तर हरलो म्हणून लिहीन, याच पानावर लिहीन. पण तोवर, पुरोगामी, क्रांतिकारी, निळ्या झेंड्याच्या दोस्तांनो, एक प्रश्न विचारून ठेवतो. सभेत नको, घरी जाऊन आपल्या बायकोसमोर उत्तर द्या.

तुमच्या पोरीचं नाव कुठल्या शाळेत आहे? आणि तिथं तुम्हाला भांडता येतं का?